सुरमईची सोबत

माणूस पारखावा तर मिरकरवाड्याच्या रमजान तांडेलाने, असं बंदरावर म्हणत. म्हणत म्हणजे काय, अजूनही म्हणतात. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या; नवा खलाशी कामाला आला की रमजान त्याला नाव-गाव विचारायच्या आधी फळीवरून बोटीत उतरायला सांगे आणि नुसता बघत राही. उतरताना ज्याने आधाराला हात टेकला तो घाबरट. ज्याने उडी मारली तो उडाणटप्पू. आणि जो फळीच्या तोंडाशी जरा थांबला, बोट कशी डुलते ते बघून मग उतरला, तो आपला! पण त्यालाही त्या दिवशी जाळ्याला हात लावू द्यायचा नाही. आधी सगळ्यांबरोबर एका परातीत जेवायचं. भाताचा ढीग, मध्ये कालवण आणि चारी बाजूंनी हात. 'एका परातीत हात गेले की वैर राहत नाय,' हे रमजानचं ठरलेलं वाक्य. हिंदू असो, मुसलमान असो, पार नेपाळहून आलेला असो, परात एकच.

अशा माणसाला एक मांजर धड पारखता येऊ नये, याला काय म्हणावं?

तर झालं असं. गुडघ्याने दगा दिला आणि रमजानची बोट पुतण्याच्या, फुजैलच्या हातात गेली. मुलगा कतारला, मुली सासरी. घरात उरले रमजान, त्याची बायको जन्नत आणि दोन मांजरं. राखाडी, लांबसडक होती ती सुरमई, आणि पाठीवर पट्टे होते तो बांगडा. नावं जन्नतने ठेवलेली. शेजारणी हसायच्या, पण जन्नतला कोण बोलणार! दोन्ही मांजरं लहानपणापासून एका गोधडीवर वाढली. बांगडा पुढे, सुरमई मागे. तो जेवायला आला की ती येणार, तो उन्हात पसरला की ती त्याच्या पोटाला टेकून पसरणार.

आणि रोज पहाटे रमजान पिशवी घेऊन जेटीवर जाणार. मांजरांना मासळी आणायला, असं तो सांगे. खरी गोम वेगळीच होती. ज्या धक्क्यावर जन्मभर हुकूम सोडले, तिथे रिकाम्या हाताने जाऊन उभं राहायची त्याला मरणाची लाज वाटे. बंधाऱ्यावर बसून दुसऱ्यांच्या बोटी न्याहाळणारे म्हातारे त्याने पाहिले होते. हातात पिशवी असली म्हणजे तो त्यांच्यातला नव्हता. कुणी विचारलं, "चाचा, एवढ्या लवकर?" की पिशवी वर करून दाखवायची, "मांजरांचं बघायला नको?" मग लिलाव संपेपर्यंत तिथेच रेंगाळायचं, या बोटीचं इंजिन ऐकायचं, त्या बोटीचं जाळं चाचपायचं, चार शिव्या घालायच्या, मूठभर तारली-मांदेली घेऊन घरी यायचं. त्याचा दिवस त्यावर निघत असे.

गणपती होऊन गेले आणि बांगडा मासळीच्या टेम्पोखाली आला. रमजानने त्याला मागच्या शेवग्याखाली पुरला. जन्नत रडली. रमजानही रडला, पण न्हाणीघरात नळ सोडून.

सुरमईने मात्र खाणंच टाकलं. जन्नतने मांदेली उकडून दिली, काटे काढून बोंबील दिला, दुधात भाकरी कुस्करली. सुरमई हुंगायची, तोंड फिरवायची आणि गोधडीवर जाऊन बसायची. अंगावरची तुकतुकी गेली. उचललं तर हाताला नुसती हाडं लागू लागली. शेवटी दोघं तिला टोपलीत घालून रिक्षाने मारुती मंदिराकडच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथली दर्शना डॉक्टर वयाने लहान, पण हात सावकाश. तिने सुरमईचं पोट दाबलं, डोळे पाहिले, सलाइन लावलं.

"आजार नाही, चाचा. जोडीदार गेल्याचं तिने मनाला लावून घेतलंय. पण मांजर असं उपाशी राहिलं की त्याचं लिव्हर बिघडतं. मग माझ्याही हातात फारसं राहणार नाही."

"दुसरं मांजर आणलं तर, बाय?" जन्नतने विचारलं.

"बघा आणून. पण हिच्या स्वभावाला जुळेल असं आणा, तुम्हाला आवडेल असं नको. आणि आणल्या आणल्या समोरासमोर आणू नका हं. वेगळी खोली, वेगळं ताट. आधी दाराआडून एकमेकांचा वास कळू दे. सावकाशीचं काम आहे."

रमजानने मान हलवली. ऐकलं मात्र एवढंच, की दुसरं मांजर आणायचं. बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी. 'वेगळं ताट म्हणे! वेगळ्या ताटांनी कधी बोट चाललीय काय?' असं पुटपुटत तो रिक्षात बसला. जन्नतला ऐकू गेलं, पण तिचं सगळं लक्ष टोपलीत होतं.

दुसऱ्या दिवशी तांडेल निघाला मांजर भरती करायला. हसू नका, त्याने खरोखर फळी टाकली. धक्क्यावरून फुजैलच्या बोटीत फळी, बोटीत खालती मासळीचं एक डोकं, आणि आपण बाजूला कमरेवर हात ठेवून उभा. जेटीवर मांजरांना काय तोटा! एक पांढरी आली आणि अर्ध्या फळीवरून परत फिरली. नापास. एका पिल्लाने उडी घेतली आणि थेट ओल्या जाळ्यात पडलं. नापास. मग बर्फाच्या कारखान्यातला बोका आला. त्याला सगळे नवाब म्हणत. रुंद छाती, फाटका कान, आणि पाठीवर पट्टे, हुबेहूब बांगड्यासारखे. नवाब फळीच्या तोंडाशी थांबला, बोट डुलताना पाहिली, आणि मग राजासारखा चालत खाली उतरला.

"हा आपला!" रमजान ओरडला. खलाशी पोटं धरून हसत होते, पण त्याला काय त्याचं.

घरी आला तेव्हा जन्नत बहिणीकडे गेलेली. बरंच झालं, म्हणाला, आली की बघेलच. त्याने माळ्यावरची जुनी परात काढली, पुसली, भात पसरला, वर तारल्या कुस्करल्या. सुरमईला उचलून एका बाजूला बसवलं, नवाबला दुसऱ्या बाजूला. "घाला हात," म्हणाला.

तौबा, तौबा! सुरमईने मान जरा पुढे केली मात्र, नवाबने गुरगुरून तिच्या नाकावर असा पंजा मारला की रक्त आलं. ती किंचाळली, शोकेसवर चढली, तिथल्या दोन बशा पाडल्या आणि माळ्यावर पार कोपऱ्यात ट्रंकेच्या मागे जाऊन बसली. नवाबने परात चाटून पुसून लख्ख केली. मग ओट्यावर चढून जन्नतने मसाला लावून ठेवलेली मासळीची तुकडी उचलली आणि खिडकीतून बर्फाच्या कारखान्याचा रस्ता धरला. रमजान काठी शोधेपर्यंत गल्ली रिकामी होती.

जन्नत आली. तिने परात बघितली, बशांचे तुकडे बघितले, माळ्यावरून येणारं घुमं रडणं ऐकलं. तिला काही सांगावं लागलं नाही.

"डॉक्टरीण काय बोलली होती?"

"अगो, बोटीवर आम्ही..."

"ही बोट हाय? ती खलाशी हाय?" जन्नतचा आवाज चढला आणि मधेच फुटला. "तुम्हाला बांगडा परत पाहिजे होता. पट्टे बघून आणलात ना? तिला काय पाहिजे ते बघितलंत कधी? नाकातून रक्त काढलंत मुक्या जिवाच्या! ही गेली ना, तर या घरात परत मांजर येणार नाय. सांगून ठेवते."

रमजानने बशांचे तुकडे वेचायला घेतले. एरवी त्याने चार शब्द परत केले असते, पण ती खरं बोलत होती. पट्टे बघूनच त्याचं मन गेलं होतं.

सुरमई माळ्यावरून उतरली नाही. पाणी वर नेऊन ठेवलं तर तेही तसंच राहिलं. डॉक्टरला फोन केला तर ती म्हणाली, "ओढून काढू नका, आणखी बिथरेल. उद्या-परवापर्यंत काही खाल्लं नाही, तर घेऊन या. नळी घालून भरवायचं बघू, पण अंगात ताकद किती उरलीय त्यावर सगळं." रमजानने फोन ठेवला आणि खुंटीवरच्या पिशवीकडे पाहिलं. ही गेली तर पिशवी गेली. पिशवी गेली तर जेटी गेली. मग उरला बंधारा. आपल्याच मनात हे यावं, जीव जातोय मांजराचा आणि आपल्याला पडलीय आपल्या पिशवीची, याची त्याला इतकी शरम वाटली की तो न जेवता उठला.

सकाळी तो जेटीवर गेला खरा, पण लिलावाकडे फिरकला नाही. शेडच्या सावलीत खंडू जाळं विणत बसला होता. खंडू म्हणजे रमजानच्या बोटीवर रांधणारा. अंगात जोर बेताचा, लाट मोठी झाली की त्यालाच आधी उलटी. जाळं ओढायला कधी उपयोगी पडला नाही, पण हाताला चव होती म्हणून रमजानने त्याला ठेवला. आता दोघंही म्हातारे. रमजान शेजारच्या दोरखंडावर बसला. खंडूने एकदा बघितलं, जरा सरकला आणि परत आपल्या जाळ्यात. अर्धी पाठ रमजानकडे.

खंडू बोलला काहीच नाही. आणि काय झालं कोण जाणे, रमजानच बोलायला लागला. सुरमईचं सांगितलं, नवाबचं सांगितलं, परातीचं सांगितलं. मग, जे जन्नतलाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "खंडू, मांजराच्या नावाने येतो रे मी इथे. मला बंदर सुटत नाय. मांजर मेलं तर कुठल्या तोंडाने येऊ?"

खंडूची सुई चालत राहिली. "हं," म्हणाला फक्त.

तो 'हं' ऐकला आणि रमजानच्या छातीवरचा दगड उतरला. तो खंडूच्या पाठीकडे बघत राहिला. ही पाठ त्याने आधीही अशीच पाहिली होती. बोटीवरच्या भागोजी खलाशाचा भाऊ समुद्रात बुडाला त्या वर्षी. भागोजी महिन्याने कामावर परत आला, पण परातीपाशी येईना, बोलेना, बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, गुडघ्यात मान घालून बसे. रमजानने बोटीवरची सगळ्यात हसरी, दणकट पोरं त्याच्या दिमतीला दिली. त्यांनी गाणी म्हटली, त्याला हाताला धरून परातीपाशी ओढलं, घास तोंडाशी नेले. भागोजीने परात लाथाडली. मग खंडूच आपलं ताट घेऊन नाळेवर जाऊ लागला. भागोजीकडे पाठ करून बसायचा, मासळी साफ करायचा, आपलं आपण जेवायचा, एक ताट मागे झाकून ठेवायचा. रमजानने तेव्हा त्याला झापलं होतं, परात सोडून जेवतोस म्हणजे काय! दोन-चार दिवसांनी भागोजीने ते झाकलेलं ताट ओढून घेतलं. आणि तांडेलाने काय समजावं? की माझ्याच परातीचा गुण आला! इतकी वर्षं तो तेच समजत होता.

"खंड्या, मेल्या, भागोजीला तू जेवायला घातलंस!" रमजान एकदम म्हणाला.

"मी कुठे? तो जेवला," खंडू म्हणाला आणि दाताने दोरा तोडला.

रमजान उठला. आता त्याने फळी टाकली नाही. पिशवी काखेत मारून तो मासळीवाल्या बायकांच्या रांगेतून नुसता हिंडला. कोण धीट, कोण चपळ, हे बघायचंच नव्हतं. भांडण लागलं की कोण काय करतं ते बघायचं होतं. मांजरांचं भांडण लागायला कितीसा वेळ! कुणीतरी कोळंबीचं डोकं फेकलं आणि एकच गिल्ला उडाला. सगळी धावली. एकटी गोदूबाईच्या पाटाखालची मळकट पांढरी मांजरी तेवढी धावली नाही. ती उठली, दोन पावलं बाजूला सरकली आणि त्या सगळ्या गोंधळाकडे पाठ करून परत बसली. एक मार खाल्लेलं पिल्लू येऊन तिच्या मागे टेकलं. तिने वळूनही पाहिलं नाही, आणि हाकललंही नाही.

"गोदूबाय, ही कुणाची?"

"कुणाची असणार! माझ्या पाटाखाली पडून असते. बोंबील म्हणते मी तिला, अंगात हाड नाय म्हणून," गोदूबाई म्हणाली. "का?"

"मला दे."

"हिला?" गोदूबाईने कोयता खाली ठेवला. "तांडेल, डोळे गेले काय तुमचे? उंदीर समोरून गेला तर वाट देईल ही. नवाबाला नेलात तो बरा होता."

"नवाबाचं नाव काढू नको. देतेस काय?"

"न्या बाबा. पण तिला ओरडायचं नाय हं. ओरडलं की दिवसभर पाटाखालून येत नाय. गरीब हाय ती." एवढं बोलून गोदूबाईने स्वतःच तिला उचललं, कपाळावर बोट फिरवलं आणि पदराने डोळा पुसला. वर म्हणाली, माशाचं पाणी उडालं.

घरी जन्नत दारात उभी. तिने टोपलीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हिला कुठल्या परातीत वाढताय?"

"मागच्या पडवीत ठेवतोय. दार लावून. ताट वेगळं," रमजान म्हणाला. "तू सांग अजून काय करायचं ते."

जन्नतने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ती आत गेली, सुरमईच्या गोधडीचा एक तुकडा फाडून आणला आणि बोंबीलच्या खाली घातला. बोंबीलने पडवी हुंगली, त्या तुकड्यावर गोल फिरली आणि बंद दाराला पाठ लावून बसली. जणू इथेच बसायचं म्हणून तिला धाडलं होतं.

दुपार गेली, काही नाही. संध्याकाळी जन्नतची नमाज चालू असताना माळ्यावर खुडबुड झाली. रमजान खुर्चीत होता. सुरमई ट्रंकेमागून बाहेर आली, शोकेसवर, तिथून खाली. पाय लटपटत होते. रमजान उठणार तोच त्याला खंडू आठवला. त्याने खुर्ची अशी फिरवली की पाठ तिच्याकडे, तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. बंदरावरच्या कुणी पाहिलं असतं तर हसून मेले असते. आयुष्यभर दुसऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणारा हा माणूस, मांजराला अवघडायला नको म्हणून तारखा वाचत बसला.

सुरमई पडवीच्या दाराशी गेली. फटीला नाक लावलं. पलीकडून काही गुरगुर नाही, काही पंजा नाही. फटीतून पांढऱ्या केसांचा एक झुपका तेवढा आत आला होता. तिने तो हुंगला आणि फिसकारली. पलीकडे सगळं तसंच. पुन्हा हुंगला. मग तीही खाली बसली, दाराच्या अलीकडे.

नमाज आटोपून जन्नत आली आणि दारातच थबकली. न बोलता तिने मांदेली दोन बशांत काढल्या. एक मागच्या अंगाने जाऊन पडवीत ठेवली, दुसरी सुरमईच्या जवळ, पण फार जवळ नाही. पलीकडे बोंबील खाऊ लागली. मचमच, मचमच. इतकी निवांत की ऐकणाऱ्याला भूक लागावी.

सुरमईचे कान हलले. ती उठली, बशीपाशी गेली, थांबली. एक मांदेली चाटली. मग खाल्ली. दुसरीही खाल्ली, अर्धी.

"या अल्ला," अलीकडूनही मचमच ऐकू आली तसा रमजान कॅलेंडरलाच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. जन्नतने मागून येऊन त्याचं मनगट घट्ट धरलं, कारण हा आता आनंदाने ओरडणार हे तिला माहीत होतं. दोघं तशीच थांबली, पोरं झोपवल्यावर आईबाप थांबतात तशी.

त्या रात्री रमजान लवकर झोपला, आणि पहाटेची बांग झाल्यावर उठून नमाज पढून पुन्हा पडवीच्या दारापाशी येऊन बसला. सुरमईने आणखी थोडं खाल्लं. आता तिची पाठ दाराला आणि पलीकडून बोंबीलची पाठ दाराला. हे बघण्यात उजाडलं कधी, ऊन ओटीवर आलं कधी, त्याला कळलं नाही. जन्नतने चहा दिला तेव्हा त्याला आठवलं.

"अरे, आज जेटी राहिलीच."

"राहू दे. मासळी हाय घरात," जन्नत म्हणाली.

तेवढ्यात दारात फुजैल. घामाघूम, पायात गमबूट तसेच, मागे रिक्षा उभी.

"चाचा! बरे हाव ना?"

"मला काय झालंय? का रे?"

"का म्हणजे? तुम्ही आला नाय! सगळे विचारतायत. खंडूकाका दोनदा शेडमधून उठून बघून गेला. आणि इंजिन नाय नाय ते आवाज करतंय, आपला नवा तांडेल बोलला चाचांना ऐकवल्याशिवाय बोट हलवायची नाय. बोट उभी करून आलोय मी."

"अरे, मांजराला मासळी नको होती म्हणून..."

"मांजराचं काय मध्येच?" फुजैलला खरोखर कळेना. "मासळी कुणीपण आणून देईल. तुम्ही चला ना."

रमजानने चहाचा कप खाली ठेवला. त्याने जन्नतकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम.

"मला काय बघता?" ती म्हणाली. "इतकी वर्षं मांजराच्या नावावर जात होतात, मी बोलले काय कधी? आज आपल्या नावावर जा. बोट थांबलीय तुमच्यासाठी."

रमजान उठला. पडवीच्या दारापाशी आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेतल्या, आणि खुंटीवरची पिशवी तशीच राहू देऊन फुजैलच्या मागोमाग ओटी उतरला.